न मोजलेलं उधाण

मुलांनो, कल्पना करायची म्हटलं की मोठी माणसं तुम्हाला डोळे मिटायला सांगतात. तुम्ही मिटू नका. एक पेला घ्या, पाण्याने काठोकाठ भरा आणि नीट बघा. आता त्यात एक थेंब टाका. नाही सांडलं ना? आणखी एक टाका. पाणी काठाच्या वर किंचित फुगेल, पण सांडणार नाही. कितव्या थेंबाला सांडेल, हे थेंब टाकायच्या आधी सांगता येईल का?

आता अशी कल्पना करा, की तो पेला म्हणजे एक खाडी आहे. काठ म्हणजे मातीचा बांध आहे. बांधाच्या आत माणसं घरं बांधणार आहेत. आणि कितव्या थेंबाला सांडेल ते सांगणारं एक यंत्र तुमच्या वर्गातल्या कपाटावर ठेवलेलं आहे.

ही गोष्ट आजपासून वीसेक वर्षांनी घडते. तुमच्यातली काही जणं तोवर शिक्षक झालेली असतील, तेव्हा ती लक्षात ठेवलीत तर बरं.

गावाचं नाव निवखोल. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर, खाडी समुद्राला मिळते तिथे. तिथल्या शाळेत परुळेकर बाई आठवीला विज्ञान शिकवत. दर शनिवारचे शेवटचे दोन तास त्यांनी ‘उद्याचे तास’ म्हणून राखून ठेवले होते. त्या तासांना पुस्तक उघडायचं नाही. साऱ्या जगाला छळणारा एक प्रश्न निवडायचा आणि त्यावर स्वतःच्या हातांनी काहीतरी करायचं. एका गटाने शेवटच्या मधमाशीची साक्ष घेणारं कोर्ट भरवलं. लवू मेस्त्री नावाच्या मुलाने ‘समुद्राची तक्रारवही’ लिहायला घेतली. तिची पहिली नोंद होती, ‘काल पुन्हा पोटात एक चप्पल सापडली. डावीच. उजवी कुणाकडे असल्यास कळवावे.’ वर्ग इतका हसला, की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

सुरंगी कुबलच्या गटाने मात्र कपाटावरचं यंत्र मागून घेतलं. त्या यंत्राला मुलं ‘जुळी’ म्हणत.

जुळी म्हणजे पृथ्वीची जुळी बहीण. खरी पृथ्वी आपल्या पायाखाली, आणि तिच्यासारखीच दुसरी, आकड्यांची बनलेली, यंत्राच्या आत. खऱ्या पृथ्वीवर प्रयोग करता येत नाहीत. समुद्र तापवून बघू या, असं म्हणता येत नाही. जुळीवर करता येतात. तिच्यातला समुद्र चढवा, तीस वर्षं पुढे न्या, आणि कुठे काय बुडतं ते पाहा. चंद्र-सूर्य उघड्या समुद्राला किती ओढतात, हे तिला पक्कं ठाऊक असतं. पण समुद्राचं पाणी एखाद्या खाडीत शिरल्यावर काय करतं, ते तिला आपोआप कळत नाही. खाडीचं तोंड अरुंद आहे का, वाळूचा दांडा आडवा आहे का, चिखल किती, तिवरांची झाडं किती, यावर ते ठरतं. म्हणून जगभरच्या हजारो शाळा आपापला तुकडा मोजून जुळीला शिकवत होत्या.

सुरंगीच्या गटाने सात महिने निवखोलची खाडी मोजली. खाडीच्या मुखाशी त्यांनी सेंटिमीटरच्या खुणा केलेला एक जाड वासा रोवला होता. भरती पूर्ण भरली की पाणी कुठल्या खुणेला टेकतं, ते वहीत लिहायचं आणि जुळीला सांगायचं. तिथे होडीनेच जावं लागे, आणि होडी सुरंगीच्या आत्याची होती.

शेवंताआत्या खाडीतली कालवं काढून विकायची. सुरंगीचे आईबाबा रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात कामाला होते, त्यामुळे सुरंगी आत्याकडेच राहायची. राहायची म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात समुद्राने किनाऱ्यावरची बावीस घरं नेली होती. आत्याचं घर त्यातलंच. तेव्हापासून बावीस कुटुंबं बाजाराच्या मागे पत्र्याखाली दिवस काढत होती.

त्यांना नवी घरं कुठे द्यायची, हा गावापुढचा प्रश्न होता. एक जागा सड्यावर होती, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावर, पाण्यापासून तीन किलोमीटर दूर. दुसरी जागा खाजणात. खाजण म्हणजे खाडीकाठची सखल जमीन, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली. तिथून होडी दोनशे पावलांवर. कुणाला कुठली जागा हवी होती, ते सांगायला नको.

आणि सात महिन्यांच्या आकड्यांवरून जुळी म्हणाली, ‘मुखाजवळचा वाळूचा दांडा उधाणाचं पाणी अडवतो. पुढची तीस वर्षं खाजणाचा बांध ओलांडला जाणार नाही.’

गावात आनंदीआनंद झाला. प्रकल्प तालुक्यात पहिला आला. सरपंच धुरीकाकांनी सुरंगीला पंचायतीच्या कचेरीत बोलावून पेढा दिला आणि भिंतीवर जुळीचा नकाशा लावला. चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या गेल्या. एक नंबरची चिठ्ठी शेवंताआत्याची निघाली. आत्याने त्याच संध्याकाळी खाजणात जाऊन आपल्या जागेवर खुंटी ठोकली आणि तिला लाल लुगड्याची चिंधी बांधली. आता फक्त ग्रामसभेचं शिक्कामोर्तब व्हायचं होतं.

*

जिल्ह्याच्या प्रदर्शनात मांडायला म्हणून मुलांनी मुखाशी रोवलेला वासा उपटून शाळेत आणला. सुरंगी सुरीने तो खरवडत बसली होती. लवू शेजारी रंगाचा डबा घेऊन उभा.

“नीट घास. जिल्ह्यात नाक कापू नको.”

“तूच घास मग.”

“मी कलावंत माणूस. मी फक्त खुणा रंगवणार. किती हे चिकटलंय!”

लाकडाला बारीक पांढरे शिंपले चिकटले होते, तांदळाच्या दाण्याएवढे. खाऱ्या पाण्यात चार दिवस काही ठेवलं की ते येऊन बसतातच. सुरंगीने खालून वर खरवडत आणलं. दीडशेची खूण गेली, दोनशेची गेली. मग सुरी थांबली.

“लवू, आपल्या वहीत सगळ्यात मोठा आकडा कुठला रे?”

“दोनशे दहा. पाठ आहे मला. भाषणात तोच होता.”

“मग हे बघ.”

शिंपले दोनशे दहाच्या वर गेले होते. दोनशे वीस. तीस. दोनशे एकेचाळीसच्या खुणेशी शेवटचा दाणा बसला होता.

“चढून गेले असतील,” लवू म्हणाला.

“एकदा चिकटला की हा जीव हलत नाही. आणि पाण्याशिवाय जगत नाही.”

“मग?”

“मग पाणी इथवर येतं. पुन्हा पुन्हा येतं. आणि आपण ते एकदाही बघितलेलं नाही.”

वही काढून ती पानं उलटू लागली. मोजलेला आकडा निळ्या शाईत होता. ज्या दिवशी होडी गेली नाही, त्या दिवशी यंत्राने सुचवलेला आकडा पेन्सिलने लिहिलेला होता. पेन्सिलचे दिवस एकेकटे नव्हते. सहा-सहाच्या गठ्ठ्याने येत होते, महिन्यातून दोनदा. तिने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून वहीशेजारी ठेवलं आणि बोट फिरवलं. चौदस, अमावस्या, प्रतिपदा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी. मग पुन्हा चौदस, पौर्णिमा, प्रतिपदा…

“हे सगळे उधाणाचे दिवस,” ती म्हणाली.

निवखोलात एक रीत होती. चौदशीपासून चतुर्थीपर्यंत खाडीत होडी घालायची नाही. ते उधाणाचे दिवस. पाण्याला मुखाशी भयंकर ओढ असते. शिवाय त्या दिवसांत ओहोटीही खोल जाते आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात, तेव्हा बाया पायीच जाऊन कालवं काढतात. होडी शेडमध्ये विश्रांती घेते. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली होती, की सात महिन्यांत एकाही मुलाच्या मनात आलं नाही, की आपण नेमके तेच दिवस सोडतो आहोत.

*

परुळेकर बाईंनी वही पाहिली, कॅलेंडर पाहिलं, वासा पाहिला. मग त्यांनी खडू उचलला.

“चंद्र आणि सूर्य दोघंही समुद्राला ओढतात,” त्यांनी फळ्यावर तीन गोळे काढले. “अष्टमीच्या सुमारास दोघं वेगवेगळ्या दिशांनी ओढतात, म्हणून भरती लहान. तुम्ही तिला भांग म्हणता. अमावस्येला आणि पौर्णिमेला दोघं पृथ्वीशी एका रेषेत येतात, ओढ एकत्र होते, म्हणून उधाण. सगळ्यात मोठं पाणी त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं. हे तुम्हाला माहीत आहे.”

“हो बाई.”

“आता समजा, मला या वर्गाची उंची मोजायची आहे. मी दर बुधवारी मोजते. आणि दिगंबर दर बुधवारी गैरहजर असतो.”

वर्ग दिगंबरकडे बघून हसला. तो बसल्या जागीही खिडकीच्या वर दिसायचा.

“मी वर्षभर मोजलं, तरी माझ्या वहीत दिगंबर नाही. त्याच्या जागी आजूबाजूच्या दोघांची सरासरी भरली, तर मी शपथेवर सांगेन, की या वर्गाला बुटका दरवाजा पुरेल.” बाईंनी खडू ठेवला. “पहिल्या महिन्यात जुळीने मला विचारलं होतं, ‘आजची नोंद नाही. शेजारच्या दिवसांवरून अंदाज भरू का?’ मी ‘हो’ म्हटलं. एकदाच. तिने मग दर वेळी भरला. उधाणाच्या दिवशीही पाणी कमीच आहे असं दिसल्यावर तिने त्याचं कारण शोधलं, वाळूचा दांडा. ती खोटं बोलली नाही. आपण तिला उधाण दाखवलंच नाही. चूक माझी आहे.”

“आमची पण आहे,” सुरंगी म्हणाली.

“मग आता काय करायचं?” लवूने विचारलं. त्याच्या आवाजात गंमत नव्हती. “बक्षीस परत द्यावं लागेल?”

“द्यावं लागेल. तो प्रश्न सोपा आहे. ग्रामसभा षष्ठीला आहे, हा अवघड.”

“शिंपले दाखवू या की सरपंचकाकांना.”

“शिंपल्यांवरून एवढंच कळतं, की पाणी तिथे पोचतं. नेमकं किती वर जातं, ते मोजल्याशिवाय जुळी काही सांगणार नाही, आणि मीही सांगणार नाही.”

त्या दिवशी दशमी होती. अमावस्या पाच दिवसांवर होती.

*

शेडच्या दारात शेवंताआत्या कालवं फोडत बसली होती. सुरंगीने सगळं सांगितलं. आत्याचा हात एकदाही थांबला नाही.

“झाला सांगून?”

“हो.”

“मगे आयक. उधाणात होडी घालूची नाय. माझ्या आजयेपासून कोणी घालूक नाय. तुझ्या वासयापायी मी घालतलंय?”

“आत्या, खाजणात पाणी येईल.”

“यंत्र नाय म्हणता मा?”

“यंत्राला आम्ही चुकीचं सांगितलं.”

“व्वा!” आत्याने शिंपलं बादलीत आपटलं. “पेढो खाताना बरोबर, आणि माझी खुंटी ठोकून झाल्यार चुकीचा! गो बाय, दोन पावसाळे ह्या पत्र्याखाली काढलंय. वर पाणी, खाली पाणी. एक नंबरची चिठ्ठी माझी आली तर तुझ्या डोळ्यात खुपली?”

ते घर सुरंगीचंही होतं. आत्याने तिला सांगितलं होतं, की पूर्वेची खिडकी तुझी, तिथे तुझं टेबल. त्या टेबलावर पुस्तकं कशी लावायची, हे तिने मनात ठरवूनही टाकलं होतं.

“मला पण तेच घर हवंय,” ती म्हणाली. “पण मला माहीत असून मी गप्प बसले, तर त्या खिडकीशी बसून मला अभ्यास कसा होईल? तू नाही नेलंस तर मी हा वासा घेऊन तशीच ग्रामसभेत उभी राहीन. लोक हसतील. हसू देत.”

आत्या कालवांची बादली उचलून आत गेली. सकाळी चहा पुढे ठेवताना तिने एकदम विचारलं, “होडी घालूची नाय, असा नियम हा. बरोबर?”

“बरोबर.”

“आधीच घातलेली असली तर?”

सुरंगीने चहा खाली ठेवला.

“तेरसेक होडी नेतंय, वासो जुन्याच खड्ड्यात तितकोच खोल रोवतंय आणि दोन नांगर टाकून होडी थयच ठेवतंय. उधाणात पाणी खूप मागे जाता. पहाटेच्या ओहोटीक आपण चिखलातसून चालत जावया, होडयेत बसूया. भरती येवंदे, जावंदे. सांजच्या ओहोटीक चालत परत. दिवसभर होडी हलवची नाय. नियम मोडलो?”

“नाही मोडला!”

“मगे हसतंस काय? ही काय तुझी बाजू नाय घेतलंय मी. तुझा यंत्र खोटा पाडूक येतंय.”

*

अमावस्येला आणि प्रतिपदेला त्या दोघी तशाच गेल्या आणि आकडे घेऊन आल्या. पण मी तुम्हाला द्वितीयेचा दिवस सांगतो, कारण त्या दिवशी पाणी सगळ्यात मोठं होतं.

उजाडता उजाडता त्या गुडघाभर चिखलातून होडीपाशी पोचल्या. बाईंच्या हुकुमाने दोघींच्या अंगात नारिंगी जाकिटं होती. आत्याला ते मुळीच पसंत नव्हतं. “चतुर्थीच्या देखाव्यातल्यासारखी दिसतंय मी,” ती पुटपुटत होती. बाई स्वतः दूर बांधावर शिट्टी आणि दुर्बीण घेऊन बसल्या होत्या, आणि लवू छत्री धरून.

होडी दांड्याच्या आडोशाला होती, तरी भरती सुरू झाल्यावर नांगराचे दोर ताणून तारेसारखे झाले. होडीखालून पाणी सळसळत आत जाऊ लागलं. आत्याने भाकरी सोडली. अर्धी सुरंगीला दिली.

“माका एक सांग. खाजणात माझी जागा जितकी उंच, ती ह्या वाशयार खंय येता?”

बाईंनी ते आधीच मोजून दिलं होतं. “दोनशे पंधराला.”

आत्याने कनवटीची एक लाल चिंधी काढली. खुंटीला बांधली होती त्याच लुगड्याची. होडीतून वाकून तिने ती दोनशे पंधराच्या खुणेवर बांधली आणि गाठ ओढून घट्ट केली.

“आता बघूया.”

पाणी चढत राहिलं. साडेदहाला ते दोनशे दहाला आलं, मुलांच्या वहीतल्या सगळ्यात मोठ्या आकड्याला. सुरंगीने आत्याकडे पाहिलं नाही. पाण्याने लाल चिंधीचं टोक उचललं. चिंधी थोडा वेळ तरंगली, जिभेसारखी हलली, मग ओली होऊन खाली गेली. तिच्यावरून पाणी चढलं. पाच बोटं. एक वीत.

बांधामुळे आज खाजण कोरडं होतं. पण आत्याने मान वळवून बांधाकडे पाहिलं, तेव्हा पाण्याच्या आणि बांधाच्या माथ्याच्या मध्ये एवढीशी माती उरलेली दिसत होती. त्या मातीवर बाई आणि लवू उभे होते.

बारा वाजून गेले. पाणी थांबलं. खाडी काठोकाठ भरून तशीच स्तब्ध राहिली, तुमच्या त्या पेल्यासारखी.

सुरंगीच्या ओठांवर आकडा होता, पण तो तिच्याने सांगवेना. तेव्हा आत्याच वाकली. तिला अक्षरं सावकाश लागत, आकडे पटकन.

“दोनशे बावन,” ती म्हणाली. “लिही.”

सुरंगीने निळ्या शाईत लिहिलं.

*

तिन्ही दिवसांचे आकडे दिल्यावर जुळीने विचारलं, ‘हे आधीच्या नोंदींशी जुळत नाहीत. कोणत्या नोंदी खऱ्या मानू?’ मुलांनी पेन्सिलच्या ऐंशीहून जास्त नोंदी एक-एक करून पुसल्या. मग जुळीने पुन्हा तीस वर्षांचा हिशेब मांडला. वाळूचा दांडा उधाण अडवत नव्हता. नवव्या वर्षी, एखाद्या पावसाळी उधाणात, पाणी पहिल्यांदा बांध ओलांडणार होतं. तिसाव्या वर्षी ते वाशावरच्या तीनशे दहाच्या खुणेपर्यंत जाणार होतं.

जुळीच्या हिशेबाखाली आणखी एक ओळ होती. जिथे मोजायला शाळा नाही, अशा अकरा खाड्यांचे अंदाज जुळीने निवखोलवरून भरले होते. त्यातली एक आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची होती. ज्यांना मुलांनी कधी पाहिलं नव्हतं, असे लोकही त्या पेन्सिलच्या आकड्यांवर विसंबून होते. लवूने आपली तक्रारवही बाजूला ठेवली आणि अकरा ठिकाणी पत्रं लिहिली. ‘आमच्याकडून उधाण मोजायचं राहिलं होतं. तुमचं तुम्ही मोजा. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे दोन दिवस चुकवू नका.’

षष्ठीला ग्रामसभा भरली. सुरंगी दोन्ही हातांनी वासा धरून उभी राहिली. तिने सगळं सांगितलं, पेन्सिलच्या दिवसांपासून शेवटपर्यंत.

धुरीकाका खुर्चीत मागे रेलले. “म्हणजे परवाचं यंत्र खोटं आणि आजचं खरं? उद्या पुन्हा बदलेल.”

“यंत्र तेच आहे काका. तेव्हा आम्ही अर्धंच मोजलं होतं.”

“पोरं चुकतात आणि गावाने धावायचं,” मागून कुणीतरी म्हणालं.

“पेढा परत घ्या सरपंच!” दुसरा ओरडला. हशा झाला.

बाई उठू लागल्या. पण त्यांच्या आधी शेवंताआत्या उठली.

“हसा. मीय हसलंय. मगे सहा तास थय बसलंय आणि माझ्या जोत्याच्या खुणेवरसून पाणी जाताना ह्या डोळ्यांनी बघितलंय. एक नंबर माझो हा. मी खाजणात जाणार नाय.”

मग एक म्हातारे होडीवाले नाखवा हळूच म्हणाले, “मग जायचं कुठे शेवंता? सड्यावर? होडी काय डोक्यावर घेऊन उतरायची?”

“सड्यारय जाणार नाय,” आत्या म्हणाली आणि खाली बसली.

सगळ्यांनी सुरंगीकडे पाहिलं. कुठे जाऊ नये, एवढंच तिने मोजलं होतं.

धुरीकाकांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता, पण बावीस कुटुंबं त्यांच्या दारात रोज येत होती. “पंधरा दिवस देतो,” ते म्हणाले. “तिसरी जागा दाखवा. नाही दाखवलीत तर खाजण कायम. पत्र्याखाली तिसरा पावसाळा मी कुणाला काढायला लावणार नाही.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आधी सुरंगी लवूच्या घरी गेली. लवूचे बाबा गवंडी होते.

“काका, तुमची पाण्याची नळी हवी होती.”

गवंड्याची नळी तुम्ही पाहिली असेल. लांब, पारदर्शक. तिच्यात पाणी भरलं की एक टोक इथे धरा, दुसरं पन्नास पावलांवर, दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं. मध्ये झाडी असो, घर असो, चढ असो. या यंत्राला वीज लागत नाही, आणि त्याला फसवणंही कठीण.

नळी लवूच्या खांद्यावर, चुन्याची बादली दिगंबरच्या हातात आणि वासा सुरंगीकडे, असा आठवीचा वर्ग खाजणात उतरला. परुळेकर बाई मागून येत होत्या. त्यांनी त्या दिवशी बुधवार असूनही उद्याचा तास ठेवला होता.

आत्या आधीच आपल्या खुंटीपाशी उभी होती.

“आता काय मोजतंस?”

“तीनशे दहाची रेघ,” सुरंगी म्हणाली. “इथून सुरू करून ती डोंगराच्या उतारावर नेणार. प्रत्येक झाडाला, प्रत्येक दगडी गडग्याला. पाणी कुठवर येणार ते दिसलं, की त्याच्या वर, पण होडीच्या जवळात जवळ कोरडी जमीन कुठे आहे तेही दिसेल. कुठेतरी असेलच. फणसाच्या बागेमागे असेल, नाहीतर जुन्या पाणंदीच्या वर असेल. आपण कधी बघितलंच नाही.”

बाईंनी बांधावर रोवलेल्या काठीवर तीनशे दहाची उंची मोजून खूण केली होती, लवूने नळीचं एक टोक त्या खुणेला लावलं. दुसरं टोक सुरंगीने आत्याच्या खुंटीजवळ धरलं. नळीतलं पाणी हललं, डुचमळलं आणि स्थिर झालं. खुंटीच्या कितीतरी वर, थेट आत्याच्या कमरेशी.

“हलू नको,” सुरंगी म्हणाली.

चुन्यात बुडवलेल्या कुंच्याने तिने आत्याच्या शेजारच्या माडाच्या बुंध्यावर, बरोबर तेवढ्या उंचीला, पहिली पांढरी रेघ ओढली. आत्याने खुंटी उपटली, चिखल झटकून काखेत मारली आणि उताराकडे चालू लागली.

सुरंगीने कुंचा पुन्हा बादलीत बुडवला, नळीचं टोक उचललं आणि ती तिच्या मागून पुढच्या झाडाकडे निघाली.